सीटवरचं वजन

पटो न पटो, हे घडलेलं आहे. जिच्या बाबतीत घडलं ती मार्लीस आजही विस्कॉन्सिनमधल्या त्याच घरात राहते. तिला थापा मारता येत नाहीत. तेवढं डोकंच चालत नाही तिचं, असं तिचा नवरा वर्लिन चिडवायचा.

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. बाहेर घोटाभर बर्फ.

पण आधी थोडं मागचं.

वर्लिन ऑगस्टमध्ये गेला. गवत कापता कापता गेला. त्याचं मशीन बसून चालवायचं होतं, छोट्या ट्रॅक्टरसारखं. ब्रेक न लावता माणूस सीटवरून उठला की अशा मशीनचं इंजिन आपोआप बंद पडतं. अपघात नको म्हणून सीटखाली तशी सोयच असते.

त्यामुळे मार्लीसचा हिशोब साधा होता. आवाज येतोय, म्हणजे वर्लिन बसलेला आहे.

त्या दुपारी ती स्वयंपाकघरात टोमॅटो शिजवून बरण्यांत भरत होती. आवाज येत होता. एकाच जागेवरून येत होता, हेही तिला कळलं होतं. रस्त्यापलीकडून त्याचा भाऊ ऑर्लिन आला असेल, गप्पा छाटत बसले असतील, असं तिला वाटलं.

बरण्या भरून झाल्यावर ती बाहेर गेली.

वर्लिन सीटवरच होता... इंजिन चालूच होतं.

ती रडली नाही. दफनानंतर चर्चच्या तळघरात तिने स्वतः हॅमची सँडविचेस वाढली. तिला काहीच वाटत नव्हतं. याचीच तिला अधूनमधून लाज वाटायची.

ऑक्टोबर सरताना ऑर्लिनने विचारलं, मशीन थंडीसाठी मी ठेवून देऊ का? ती नको म्हणाली. वर्लिन ठेवायचा तसंच तिला ठेवायचं होतं. बर्फ वितळल्यावर खुशाल घेऊन जा, असा शब्द मात्र तिने त्याला दिला.

"आयुष्यभर हात लावू दिला नाही त्याने मला," ऑर्लिन म्हणाला. "आता वरून शिव्या घालेल."

तिने पात्याखालचं वाळलेलं गवत खरवडलं. टाकी काठोकाठ भरली. पेट्रोल खराब होऊ नये म्हणून त्यात औषध घातलं. ते आतवर पोचायला इंजिन थोडं चालवावं लागतं, म्हणून ती सीटवर बसली. वर्लिनच्या बसण्याने सीटला खळगा पडला होता. ती त्यात बसून राहिली. तेव्हाही काही वाटलं नाही.

मग बॅटरी काढून तिने तळघरात फळीवर ठेवली. नुसत्या काँक्रीटवर ठेवली की बॅटरी उतरते, यावर वर्लिन ठाम होता. उंदरांनी सीट कुरतडू नये म्हणून कपड्यांच्या ड्रायरमध्ये टाकायचे सुगंधी कागद तिने सीटवर नीट अंथरले. मशीन ठेवलेल्या शेडला कुलूप लावलं.

आणि आता ती संध्याकाळ.

पाच वाजले नव्हते तरी काळोख पडला होता. मार्लीस सणाच्या जेवणातल्या भोपळ्याच्या गोड 'पाय'साठी पारी लाटत होती.

तेवढ्यात... आवाज आला.

इंजिनाचा. एकाच जागेवरून.

लाटणं थांबलं. ती आधी तळघरात उतरली. बॅटरी फळीवर होती.

आवाज चालूच.

ती कोट चढवून मागच्या अंगणात गेली. शेडपर्यंत बर्फ कोरा होता. कुलूप जागेवर. आतून इंजिन एका लयीत चाललं होतं. तिने कुलूप काढलं, दार ओढलं...

आवाज बंद.

आचके देत नाही. माणूस सीटवरून उठावा तसा, एकदम.

आत कुणी नव्हतं. पेट्रोलचा वास नाही. इंजिनावर हात ठेवला, तर बर्फासारखं गार.

सीटवरचे कागद मात्र चुरगळून खळग्यात दबले होते.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिने ऑर्लिनला सांगितलं. एरवी त्याने टर उडवली असती. त्याने काटा खाली ठेवला.

"मीही ऐकला. वाटलं, तूच चालू केलंस."

मग तो म्हणाला, वसंताची वाट कशाला बघायची, आजच नेतो.

"नको," मार्लीस म्हणाली. "मी दार उघडलं, म्हणून तो उठला."

एप्रिलमध्ये ऑर्लिन ट्रेलर घेऊन आला. दिलेला शब्द तिला मोडायचा नव्हता. किल्ली घेऊन ती त्याच्याबरोबर शेडपाशी गेली.

दाराशी पोचले आणि आत... इंजिन सुरू झालं.

ऑर्लिनने किल्लीसाठी हात पुढे केला. मार्लीसने किल्ली कोटाच्या खिशात टाकली.

"बसू दे त्याला."

ट्रेलर रिकामाच परत गेला.

आता तिच्या अंगणात गुडघाभर गवत आहे. शेजारपाजारचे नाकं मुरडतात. काही संध्याकाळी आवाज येतो. ती हातातलं काम चालू ठेवते. बाहेर जात नाही.

भीती कशाची वाटते, तर फक्त टाकीची. ऑक्टोबरमध्ये भरलेली. पेट्रोल कमी होतंय की नाही, कुणास ठाऊक. गॅरेजमध्ये तिने भरलेला कॅन आणून ठेवलाय.

पण पेट्रोल ओतायचं, तर दार उघडावं लागेल.