सीटखालचं फडकं

सांबशिवमामाची मोटारसायकल गेली, हे गल्लीला विजयादशमीच्या सकाळी कळलं. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या वळणावर ती काळा धूर ओकत बंद पडली आणि मामा तिला ढकलत घरी घेऊन आला. आदल्या दिवशीच्या पूजेचं चंदन अजून टाकीवर तसंच होतं.

दुपारी नटराज मेकॅनिक आला. फोनवर बोलत बोलतच त्यानं कार्ब्युरेटर काढला, फुंकला, परत बसवला. किक मारली तर पुन्हा काळा धूर. मग त्यानं हात पुसले आणि इंजिन संपलं म्हणून सांगितलं. उघडण्यात अर्थ नाही, भंगारात द्या, उद्या संध्याकाळी मी टेंपो आणतो.

मामा वाद घालेल असं सुट्टीला आलेल्या त्याच्या भाचीला, जननीला वाटलं होतं. त्यानं वाद घातला नाही.

"घेऊन जा," तो म्हणाला. "आता मला तरी कुठं जायचंय?"

अंबुजामामी चैत्रात गेली. त्याआधी दोघं याच गाडीवरून ओरत्तनाडूच्या शेतावर जायची, पापनाशमला मामीच्या बहिणीकडे जायची. आता गाडीही गेली तर तुझा मामा उंबऱ्याबाहेर पडायचा नाही, असं आई चेन्नईहून फोनवर सांगत होती.

नटराज जाता जाता म्हणाला होता, काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. ते ऐकलं आणि जननीला सीटखालचं फडकं आठवलं.

दर वर्षी तिमाही परीक्षा संपली की जननी आणि तिचा धाकटा भाऊ मुरळी सुट्टीला तंजावूरला येत. आयुधपूजेच्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, गाडी मामी धुवायची. आधी सीट उचलून, हवा आत जाते त्या तोंडात ती फडकं कोंबायची, पाणी शिरू नये म्हणून. मग पूजा. पूजेला ठेवलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवशीची आरती होईपर्यंत हात लावायचा नाही, हा घरचा रिवाज. म्हणून फडकं रात्रभर आतच राहायचं आणि सकाळी आरती झाली की मामी ते काढायची.

यंदा गाडी जननीनं धुतली. फडकंही कोंबलं. पण सकाळी मामानं एकट्यानंच आरती उरकली आणि गाडी बाहेर काढली, तेव्हा जननी गाढ झोपेत होती.

खरं तर तिनं तेव्हाच सांगायला हवं होतं. नटराज समोर उभा होता, मामा समोर होता. त्याऐवजी घरातले सगळे आडवे झाल्यावर ती अंगणात गेली, सीट उचलली, फडकं ओढून काढलं आणि आपल्या पिशवीत तळाशी दडवलं. उद्या गाडी आपोआप सुरू होईल आणि कुणाला काही कळणार नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

सकाळी तिनं मुरळीला चावी आणायला सांगितलं. शेजारची साईप्रियाही आली. ती दोघांपेक्षा मोठी, म्हणून तिला अक्का म्हणायचं. तिच्या वडिलांची गाड्या दुरुस्तीची पट्टरै होती, त्यामुळे पाने आणि स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातातलेच. गाडी मधल्या स्टँडवर चढवून तिनं किक मारली. इंजिन सुरू झालं, एकदम किंचाळल्यासारखं वर चढलं, फटफट करून शिंकलं आणि बंद पडलं.

"धूर कुठाय?" साईप्रिया म्हणाली. "काल काळा होता ना?"

"बरी झाली असेल," मुरळी म्हणाला.

"बरी झालेली माणसं अशी शिंकतात? हा वेगळाच आजार आहे. काल हवा कमी पडत होती, आज जास्त होतेय. रात्रीतून गाडीला कुणी हात लावला का?"

 साईप्रिया मग उलटसुलट तर्क करत बसली. चोर आला असेल, पेट्रोलात पाणी असेल, उंदरानं पाईप कुरतडला असेल. मुरळीनं उंदीर शोधायलाच सुरुवात केली. संध्याकाळी टेंपो येणार होता आणि ही दोघं भलतीकडेच शोधत होती. रात्री गाडीला हात कुणी लावला ते जननीला एकटीला ठाऊक होतं.

"मी लावला हात," जननी म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं.

मुरळीनं उंदीर शोधणं सोडलं. "आणि मला वाटत होतं, वेंधळा मी आहे."

साईप्रिया हसली नाही, रागावलीही नाही. तिचं डोकं पुढं धावत होतं. फडक्याचा आजार फडक्याबरोबर गेला. मग हा दुसरा गाडी बंद पडल्यानंतर आला. नंतर गाडीला हात कुणाचा लागला?

तिघांनीही कार्ब्युरेटरकडे पाहिलं.

हवा कुठून शिरते ते बघायला उदबत्ती लावू, असं मुरळीनं सुचवलं. पेट्रोलशेजारी उदबत्ती लावून पुन्हा पूजा मांडायची का, असं साईप्रियानं विचारल्यावर त्यानं उदबत्तीचा नाद सोडला. तिनं गाडी धुवायच्या नळीचा हातभर तुकडा कापला. एक टोक जननीच्या कानाला. मुरळीनं ॲक्सिलरेटर पिरगळून इंजिन कसंबसं जिवंत ठेवलं आणि साईप्रिया नळीचं दुसरं टोक हवेच्या वाटेवरून हळूहळू फिरवू लागली. फिल्टरच्या डब्यापाशी नुसती घरघर. कार्ब्युरेटरच्या मागच्या रबरी पाईपवरही काही नाही. पुढं, कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या रबराच्या खालच्या बाजूला नळी गेली आणि जननीच्या कानात सुईसारखी शिट्टी शिरली.

"इथं!"

इंजिन बंद करून ते थंड होऊ दिलं. रबर आवळणाऱ्या पट्टीचा स्क्रू घट्टच होता. वरून सगळं ठाकठीक दिसत होतं. पण खाली बोट फिरवलं तर फट. नटराजनं कार्ब्युरेटर तिरका बसवून वरून पट्टी आवळली होती. साईप्रियानं पट्टी सैल केली, दोघींनी कार्ब्युरेटर सरळ आत दाबला, रबराची कड सगळीकडून बसली का ते पाहिलं आणि पट्टी पुन्हा आवळली.

किक मारली. गाडी संथ लयीत चालू लागली. आवाज ऐकून मामा अनवाणीच अंगणात आला आणि गाडीजवळ उभा राहिला. मग त्यानं अंगणाचं दार उघडलं, गाडीवर बसला आणि गल्लीला एक फेरी मारून आला.

मुलांनी मामाला तिरक्या बसलेल्या कार्ब्युरेटरचंच सांगितलं होतं, फडक्याचं नाही. संध्याकाळी टेंपो आला तेव्हा शेजारीपाजारी जमले होते. कित्येक महिन्यांत मामाचा आवाज असा चढला नव्हता. चांगली गाडी मारून टाकलीस, शेंबड्या पोरांना कळलं ते तुला कळलं नाही, असं तो सगळ्यांदेखत बोलला. नटराजनं वाकून पट्टी पाहिली आणि मान खाली घातली.

"ही चूक माझीच, सांबशिव अय्या," तो म्हणाला. "पण काळा धूर मी हात लावायच्या आधीचा होता."

त्याचं कुणी ऐकलं नाही. सगळे मुलांच्या पाठी थोपटत होते. जननीच्या पाठीवरही हात पडत होते. ती तशीच उभी राहिली आणि टेंपो रिकामा परत गेला.

जेवणं झाल्यावर तिनं पिशवीतून फडकं काढून मामापुढं ठेवलं. मग पहिल्यापासून सगळं सांगितलं.

मामानं फडकं उलगडलं. जांभळ्या काठाचं होतं ते, मामीच्या जुन्या लुगड्याचं.

"हे ती दर वर्षी करायची?" त्यानं विचारलं. "मला कधीच बोलली नाही."

"आरती झाली की काढायची."

"आणि मी किक मारून निघायचो." त्यानं काठ बोटांनी सरळ केला. मग म्हणाला, "तू शोधलंस, पोरी, आणि येऊन सांगितलंस. ते चांगलं केलंस. पण त्या माणसाला सगळ्यांसमोर मी नको ते बोललो, आणि तू तिथं होतीस."

सकाळी मामा तिला गाडीवर मागं बसवून नटराजच्या दुकानी घेऊन गेला. दुकान बंद होतं. तो गावी गेलाय, परवा येईल, असं शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं. जननीची आणि मुरळीची चेन्नईची गाडी दुपारची होती.

काळा धूर फडक्यामुळे होता, हे नटराजला अजून कुणी सांगितलेलं नाही.