सोबतीचा रकाना

लॅटिन शब्द दिसला की मला गप्प बसवत नाही. आरमोरीच्या कॉलेजात तीस वर्षं झाडांची शास्त्रीय नावं घोकून घेतली, त्याचा हा परिणाम.

त्या दुपारी कुंताबाई आल्या. त्यांचा नवरा बाबुलाल, वनरक्षक, गस्तीला गेला तो अठरा दिवस परतला नव्हता. तळ्याच्या पाळीवर नुसती सायकल सापडली. कॅरिअरला त्याची जुनी इंग्रजी पुस्तिका होती. खिशात मावेल एवढी, झाडं-वेलींची माहिती देणारी.

"आठ दिवस माह्या पेटीत होती जी. कुलूप लावून," त्या म्हणाल्या. "वाचून सांगा. ते कुठी गेले, काई समजते का?"

मुखपृष्ठावरचं लॅटिन नाव मी हौसेनं मोठ्यानं वाचलं. "वादे मेकुम."

दारापाशी वाळलेली पानं वाजली. कुंताबाईंनी चमकून तिकडे पाहिलं.

मागच्या कोऱ्या पानांवर बाबुलालनं पेन्सिलीनं नोंदी केल्या होत्या. तारीख, वाट, सोबत. सोबतीच्या रकान्यात रोज एकच: कोणी नाई.

शेवटची तारीख कालची होती.

"अक्षर त्याईचंच हाये," बाई पुटपुटल्या. "म्हंजे जिते हायेत नं, सर?"

खरं सांगायचं तर मला भीती वाटली नाही, कुतूहल वाटलं. त्याची आज लाज वाटते.

"पण हे नाव कायचं?"

मी खुललोच. "चारेकशे वर्षांपूर्वी युरोपात अशा पुस्तकांना हे नाव पडलं. मालकाबरोबर हिंडायची ना! अर्थ सोपा आहे. माझ्याबरोबर चल."

पानं पुन्हा वाजली, आता उंबऱ्याशी. वारा नव्हता.

"ते कधी पयल्या हाकेले ओ देत नसत," त्या हळूच म्हणाल्या. "दुसरीलेई नाई. जंगलाचा नेम हाये. तिसरीले मात्र द्याच लागते." मग म्हणाल्या, "आमच्या बोलीत सांगा नं, सर. नीट समजलं नाई."

शिकवायची खोड. मी सांगितलं.

"माह्यासंग चाल."

"ओ," कुंताबाई म्हणाल्या. माझ्याकडे न पाहता. "आली जी."

त्या उठून बाहेर पडल्या. चपला तशाच राहिल्या.

मी धावत अंगणात गेलो. तीनदा हाक मारली. रस्ता लांबवर मोकळा होता.

घरात पुस्तिका उघडीच पडली होती. पेन्सिलीच्या नव्या ओळीचं शिसं बोटाला लागत होतं.

आजची तारीख. वाट: तळ्याची पाळ.

सोबत: कुंता.