जाकेझचा लाल पट्टा

हसा, हसा! हातांचा रंग अजून वाळला नाही आणि पहाटे नव्या नावाने होडी हाकणार म्हणे. जुनं नाव पुसलंत, पण मकुई कापलात का रे? चालत्या होडीमागे पाण्यात रेघ उमटते ना, तोच तिचा साप, मकुई. मेरीमातेच्या सणाला, पंधरा ऑगस्टला, दुसऱ्या होडीने ती रेघ आडवी कापली तरच जुनं नाव सुटतं. नाहीतर ते मागं मागं येत राहतं.

‘गूल्वेनकाका, तुम्ही पण ना’ काय? ती बाटली इकडे दे, लोइक, आणि गप ऐक.

आमचा तुदुआलही असाच हसला होता. होडी त्याच्या जिवलग मित्राची, जाकेझची. जाकेझ भला माणूस, पण डोकं खायचा. होडीवर कुणीही पाय ठेवला की पहिला प्रश्न, “अडकवलंस का रे?” छातीवरच्या पट्ट्याचं लांब टोक होडीच्या दोराला अडकवलं का, हेच विचारायचा. आणि एका रात्री स्वतःच विसरला. होडी सापडली. तो नाही. त्याचा लाल पट्टाही त्याच्याबरोबर गेला.

त्याच्या बायकोला ती होडी डोळ्यांसमोर नको होती. तुदुआलने घेतली, जुनं नाव खरवडलं आणि आपल्या बायकोचं लिहिलं, ‘एनोरा’. मी म्हटलं, थांब पुढच्या ऑगस्टपर्यंत. तर म्हणतो, “एका सापासाठी अकरा महिने? म्हातारा झालास तू!”

गेल्या वर्षी, सोळा सप्टेंबरला संध्याकाळी कामारेहून निघाले दोघं, होडी इथं ओदिएर्नला आणायला. साधं काम. वारा पाठचा. एनोरा खाली झोपली, तुदुआल सुकाणूवर. राझच्या सामुद्रधुनीतली ओढीची धार आली तेव्हा काळोख मिट्ट. पुढचं शीड गुंतलं. तुदुआल उठला. पट्टा खाली खुंटीवर होता. दोन मिनिटांचं काम, कशाला खाली जायचं...

तो पुढे सरकला. मागं पाण्यात रेघ चमकत होती. सरळ नव्हती. वळवळत होती.

मागून आवाज आला, “अडकवलंस का रे?”

त्याला वाटलं, एनोरा उठली. शिडात हात घालूनच म्हणाला, “हो गं, अडकवलंय.”

खोटं.

मग छातीपाशी... खट्.

आणि लाट आली. पाय सुटले. डोकं पाण्याखाली. गेलो, एनोरा आता एकटी... एवढंच त्याच्या मनात आलं. तेवढ्यात छातीला हिसका बसला. कुणीतरी धरलं होतं.

सरपटत मागं आला. एनोरा दारात उभी.

“कुणाशी बोलत होतास?”

तिच्यामागे खुंटीवर त्याचा पट्टा. कोरडा. छातीवर दुसराच. लाल. त्याचं दुसरं टोक होडीला नव्हतंच. मागच्या काठावरून पाण्यात गेलं होतं. ताठ.

पट्टा कापायला एनोराने सुरी उचलली. त्याने तिचा हात धरला. मग दोघं सकाळपर्यंत... तसेच बसून.

इथं धक्क्यावर त्यांचा दोर मीच घेतला. तुदुआलच्या छातीवरची कडी मीच सोडवली आणि या लोखंडी कड्याला अडकवली. हात जड झाले माझे, इतकी ओढ होती. दुपारी ओहोटी लागली. पाणी गेलं, चिखल उघडा पडला. पट्टा इथून चिखलापर्यंत ताठच. खालची कडी बंद. तिच्यात... काही नाही.

तुदुआल चिखलात उतरला. गुडघ्यांवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. म्हणाला, “नव्हतं अडकवलं रे, जाकेझ. तुझ्याशी खोटं बोललो. आता अडकवीन. दरवेळी अडकवीन.”

तेव्हा पट्टा सैल पडला.

यंदाच्या ऑगस्टला त्याने मकुई कापून घेतला, निमूटपणे. पट्टा मात्र कुणी काढला नाही. लोइक, तू मघापासून पाय ठेवून बसलायस ना, तेच ते कडं. जरा पाय काढ. बघ, पट्टा अजून ओलाच आहे.