दोन डावांमधली चाळीस मिनिटे

दुसऱ्या डावाचे चौथे षटक चालू असताना क्लबच्या चिटणीसबाई गुणलेखकाच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकले. वहीवर त्यांची सावली पडली आणि पेन्सिलीचे टोक तिच्यात दिसेनासे झाले.

"पाकीट नाहीये," त्या म्हणाल्या.

गुणलेखकाने चेंडू पडेपर्यंत वाट पाहिली, वहीत टिंब दिले आणि मगच मान वर केली. निर्धाव चेंडूला टिंब देतात. तो स्वतःही माणसांत इतका निर्धाव असे की क्लबात त्याला सगळे टिंबशेठ म्हणत. आठवडाभर वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारायचे आणि सुटीच्या दिवशी इथे बसून दुसऱ्यांच्या धावा लिहायच्या, एवढेच त्याचे जग होते. त्या जगाची सीमारेषा या मैदानाच्या कुंपणाशी संपत असे.

कोणते पाकीट, हे विचारण्याची गरज नव्हती. क्रीडानिधीच्या अनुदानासाठी बाईंनी सहा महिने राबून अर्ज तयार केला होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हाती घेतलेले हे एकमेव काम. अर्जाला मैदानाच्या मालकाचे संमतीपत्र जोडले होते: यंदा अनुदान मिळाले तर आणखी पंधरा वर्षे क्लबाला जागा; नाही मिळाले, तर इथे गोदाम. मालक सही करून मुलीकडे परदेशी निघून गेले होते. निधीचे अधिकारी सकाळपासून मैदानावर होते. पाच वाजता ते अर्ज हातोहात घेऊन जाणार होते, आणि आज शेवटची तारीख होती.

दोन वाजून सहा मिनिटे झाली होती.

"शेवटचं कधी पाहिलंत?"

"पहिला डाव संपला तेव्हा. एक वाजता. क्लबच्या खोलीत टेबलावर ठेवलं, वर पेपरवेट ठेवला आणि जेवायला गेले. खोलीला कुलूप नव्हतं. आता गेले तर नुसता पेपरवेट."

"बाजूला देणगीची पेटी होती ना?"

"ती आहे जागच्या जागी. उघडी असूनही पैसे तसेच."

म्हणजे चोर पैशांसाठी आलेला नव्हता. त्या जाड तपकिरी पाकिटाची किंमत ठाऊक असलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. गुणलेखक हे मनात मांडत असतानाच फलंदाजाने दोन धावा पळून काढल्या. त्याने त्या लिहिल्या. पाहुण्या संघाचा गुणलेखक शेजारीच बसला होता. जाडजूड, घामाघूम, कायम घाईत. तो कुरकुरला की गप्पा नंतर मारा. आधीच तुमच्या क्रीजपायी पहिल्या षटकात चार मिनिटे वाया गेली आहेत. ते खरे होते. डाव सुरू होताच पंचांनी खेळ थांबवला होता, कारण क्रीजची रेषा त्यांना दिसेना. मग माळीकाका फक्कीचा डबा घेऊन धावत गेले आणि पांढरी रेषा नव्याने मारून आले. त्यांचे डोके आज ठिकाणावर नाही, असे तेव्हा कोणीतरी हसून म्हटलेही होते.

एक ते एक चाळीस. सगळे जेवायला इमारतीच्या मागच्या पडवीत होते, आणि तिथून ना मैदान दिसे ना खोली. गुणलेखकाने डोळे अर्धवट मिटून पंगत आठवली. पाहुणे अकराच्या अकरा एका ओळीत, आपली पोरे समोर. पंच दोघे. अधिकारी बाईंशेजारी. कर्णधार मात्र अर्ध्या जेवणावरून उठला होता आणि बऱ्याच वेळाने परत आला होता.

कर्णधार पॅड बांधून जवळच खुर्चीत बसला होता. फलंदाजीत त्याचा पाचवा नंबर. त्याचा एक पाय सारखा हलत होता.

"जेवताना उठून कुठे गेला होतास?" गुणलेखकाने वहीकडेच पाहत विचारले.

"का? आता उठण्याबसण्याचीपण नोंद ठेवतोस का टिंबशेठ?"

"पाकीट गेलंय."

पाय हलायचा थांबला. मग कर्णधाराने खांदे उडवले. फोन आला होता, बायकोचा. घरचेच काहीतरी. मागच्या फाटकापाशी उभा राहून बोललो, बस.

गुणलेखकाने एक टिंब दिले. मग आणखी एक.

"वहिनी तर आम्हाला वाढत होत्या," तो हळूच म्हणाला. "मला दोनदा भात वाढला त्यांनी."

शेजारचा जाडा गुणलेखक फिसकन हसला. कर्णधाराचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तो आवाज खाली आणून बोलू लागला. फोन नदीपलीकडच्या मोठ्या क्लबाचा होता. त्यांनी त्याला खेळायला बोलावले होते. पुढच्या हंगामापासून. त्यांच्याकडे गवत कापायला वेगळा माणूस, पाणी मारायला वेगळा, प्रशिक्षक वेगळा. होय म्हणून टाकले होते त्याने.

"पण पाकिटाला हात नाही लावला मी," तो म्हणाला. "मी जाणारच आहे. मग मैदान बुडवून मला काय मिळणार? माझा धाकटा भाऊ इथेच खेळणार आहे."

ते बोलणे खोटे वाटले नाही. खोटे बोलताना तो अंगठ्याने पॅडचा पट्टा उचकटत होता. आता हात स्थिर होते. गुणलेखकाने आणखी एकच प्रश्न विचारला. रोलर मागितला होतास का? दुसऱ्यांदा फलंदाजी करणाऱ्या संघाच्या कर्णधाराला, डाव सुरू होण्यापूर्वी खेळपट्टीवर सात मिनिटे रोलर फिरवून घेता येतो.

"मागितला ना. जेवायला जाताना माळीकाकांना सांगून गेलो. तरी दुसऱ्याच षटकात चेंडू खाली राहिला आणि आपला सलामीवीर गेला. नशीब."

तीन वाजता पाणी प्यायला खेळ थांबला. गुणलेखकाने पेन्सिल कानामागे खोवली आणि तो सीमारेषेच्या कडेने अवजारांच्या खोपटाकडे निघाला. चालताना त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. माणसांना प्रश्न विचारणे हे त्याला नेहमीच, न विचारता कोणाच्या घरात शिरल्यासारखे वाटे.

खोपटाच्या दारात अधिकारी उभे होते. नम्र, चष्मेवाले गृहस्थ. सकाळी त्यांनी फीत घेऊन खेळपट्टीची लांबीरुंदी मोजली होती. फितीचे दुसरे टोक माळीकाकांनी धरले होते, आणि मोजून झाल्यावर दोघे बराच वेळ तिथेच बोलत उभे होते. लांबून ते दृश्य मोठे सलोख्याचे वाटले होते. आता अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहत विचारले की अर्ज तयार आहे ना. गुणलेखक हो म्हणाला आणि ते गेल्यावर आत शिरला.

माळीकाका आत पालथ्या बादलीवर बसून कात्रीला धार लावत होते. एकतीस वर्षे त्यांनी हे मैदान सांभाळले होते. खेळपट्टीला ते पट्टी म्हणत, आणि घरात कोणी आजारी असावे तसे तिच्याबद्दल बोलत: आज कोरडी आहे, आज रुसली आहे.

"काका, जेवणाच्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

"पट्टीवर. कर्णधारानं रोलर सांगितला होता. सात मिनिटं फिरवला, नियमात बसतो तेवढा. मग इथं येऊन डबा खाल्ला."

"क्लबच्या खोलीकडे कोणी जाताना दिसलं?"

"माझं लक्ष पट्टीकडं असतं, बाळा. माणसांकडं नसतं."

कात्रीवरून कानस पुन्हा फिरू लागली. गुणलेखक परतला.

त्यानंतरचा तास त्याच्या आयुष्यातला सर्वांत लांब तास होता. खेळ चालू असेतो त्याला टेबल सोडता येत नव्हते. बाईंनी कपाटे उपसली, कचऱ्याच्या टोपल्या उलथ्या केल्या. दर दहा मिनिटांनी त्या येत, नकारार्थी मान हलवत आणि जात. कर्णधार बाद होऊन परतला आणि पॅड न सोडताच शोधाशोधीला लागला. गुणलेखक धावा लिहीत राहिला. सामना जिंकला काय आणि हरला काय, पाच वाजता या वहीत लिहिण्यासारखे काहीच उरणार नव्हते.

सव्वाचार वाजले. शेवटची जोडी, चार धावा हव्या. फलंदाजाने चेंडू ढकलला आणि तो एकेरी धावेसाठी जिवाच्या आकांताने पळाला. फेक आली, यष्ट्या उडाल्या. पंच काटकोनात उभे होते. त्यांना क्षणाचाही विचार करावा लागला नाही. बॅट रेषेच्या वीतभर अलीकडे होती. ती पांढरी रेषा टेबलावरूनही लख्ख दिसत होती.

बोट वर गेले. सामना संपला.

गुणलेखकाने मात्र निकाल लिहिला नाही. तो त्या रेषेकडे पाहत बसला होता. मग त्याने वहीचे पान मागे उलटले, पहिल्या षटकाच्या समासात स्वतःच्याच अक्षरात लिहिलेली ओळ वाचली आणि उठला.

"बाई, चला. तूही ये," तो कर्णधाराला म्हणाला. "आणि आवाज करू नका."

खोपटात माळीकाका तसेच बसले होते. कात्री मात्र बाजूला ठेवलेली होती. गुणलेखकाने दार लोटून घेतले. बोलताना त्याची नजर काकांच्या पायांपाशी होती.

"काका, रोलर फिरवला की फक्कीच्या रेषा पुसल्या जातात. मग त्या पुन्हा माराव्या लागतात. एकतीस वर्षांत रोलरनंतर रेषा न मारता तुम्ही पट्टी सोडलेली नाही. पोरांच्या सरावालासुद्धा नाही."

काकांनी बाजूची कात्री उचलून पुन्हा खाली ठेवली.

"आज दुसरा डाव सुरू झाला तेव्हा रेषा पुसट होत्या. पंचांनी खेळ थांबवला, चार मिनिटं. मी समासात लिहून ठेवलंय. सगळे म्हणाले, काका विसरले. पण तुम्ही विसरला नव्हतात. रोलर फिरलाच नव्हता. पहिल्या डावात फलंदाजांच्या पायांनी झिजल्या होत्या त्याच रेषा होत्या त्या. म्हणून दुसऱ्या षटकात चेंडू खाली राहिला. त्या चाळीस मिनिटांत तुम्ही पट्टीवर गेलाच नाहीत."

"टिंब्या, काय बोलतोस तू?" कर्णधार पुटपुटला. "काका कशाला घेतील पाकीट?"

"सकाळी साहेबांनी पट्टी मोजली. कशासाठी, ते मला तेव्हा ऐकू आलं नाही. बाई, अर्जात पहिली मागणी कोणती आहे?"

चिटणीसबाईंनी सावकाश उत्तर दिले. कृत्रिम खेळपट्टी. खाली सिमेंट, वर हिरवी चटई. तिला पाणी लागत नाही, रोलर लागत नाही. अशा मागणीला निधीकडून दहा गुण जास्त मिळतात.

"आणि देखभालीच्या रकान्यात?"

"'माणसाची गरज नाही,'" बाई म्हणाल्या, आणि खाली बसायला काहीतरी शोधू लागल्या.

काका उठले. गवत कापायच्या यंत्राला मागे जाळीची पेटी होती. तिच्यातले कापलेले गवत त्यांनी हाताने बाजूला केले आणि पाकीट काढले. त्याचे सील जसेच्या तसे होते.

"फाडायला नेलं होतं," ते म्हणाले. "फाडवलं नाही."

बाहेर खुर्च्या आवरल्याचा आवाज येत होता.

"चटईचं दुःख नाही बाई. पोरं चटईवर खेळोत, सिमेंटवर खेळोत. पण माझ्याच हातात फीत दिली साहेबांनी. म्हणाले, काका, पुढच्या वर्षी तुम्हाला आराम. मी हसलो. मला वाटलं, चेष्टा करतायत. सहा महिने तुम्ही लिहीत होता. रोज चहा मी आणून देत होतो. एकदा सांगायचंत."

"धीर झाला नाही," बाई म्हणाल्या. आयुष्यभर वर्गापुढे उभ्या राहिलेल्या त्या बाईंचा आवाज आता जेमतेम ऐकू येत होता. "आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिले."

त्यांनी सील फोडले, पान काढले आणि पर्समधले पेन उघडले. काकांनी हात आडवा धरला. दहा गुण जातील, ते म्हणाले. मैदान गेले तर पट्टी कुठे राहणार आहे? बाईंनी तो हात हळूच बाजूला केला. चटई सरावाच्या जाळीत टाकू, मधल्या पट्टीला हात लावायचा नाही, असे त्यांनी समासात लिहिले. देखभालीच्या रकान्यातली ओळ खोडली. खाडाखोडीवर दोन सह्या लागत. एक त्यांनी केली आणि पेन कर्णधारापुढे धरले.

"माझी चालेल?" त्याने विचारले. "मी तर..."

"हंगाम संपेपर्यंत कर्णधार तूच आहेस," गुणलेखक म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कोणाला हुकूम केल्यासारखे काही म्हटले होते. कर्णधाराने सही केली.

पाचाला आठ मिनिटे कमी असताना चौघेही अधिकाऱ्यांसमोर उभे होते. त्यांनी पाने चाळली, खोडलेल्या ओळीवर बोट ठेवले आणि चष्म्यावरून पाहिले. चटई जाळीत टाकल्याने गुण कमी होतील, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. निकालाची हमी आपण देऊ शकत नाही, हेही. बाईंनी मान हलवली.

"आणि हा रकाना मोकळा आहे. खेळपट्टीची देखभाल कोण करणार?"

बाई काकांकडे पाहत राहिल्या. त्या विचारत होत्या, आणि ते साऱ्यांना दिसत होते.

"मी," माळीकाका म्हणाले.

अधिकाऱ्यांनी तसे लिहून घेतले, पोच फाडून दिली, पाकीट बॅगेत ठेवले आणि घाईने निरोप घेतला. मुख्य फाटक मैदानाच्या पलीकडे होते. वेळ वाचवायला ते सरळ रेषेत निघाले, मैदानाच्या मधोमध.

गुणलेखक त्या पाठमोऱ्या माणसाकडे पाहत होता. क्लबाची पुढची पंधरा वर्षे त्या बॅगेत होती, आणि कोणालाही वाटले असते की आता त्यांना जाऊ द्यावे.

"साहेब," माळीकाकांचा आवाज मैदानभर घुमला. "पट्टीवरून नको. कडेनं जा."

अधिकारी थबकले. मागे वळून त्यांनी एकदा काकांकडे पाहिले, पायातल्या बुटांकडे पाहिले आणि ते मुकाट्याने वळसा घालून गेले.