कॅरिअरवरची काडी

प्रफुल्ल निघाला होता भाच्याच्या बारशाले. एवढंच काम होतं बिचाऱ्याचं.

तुम्ही पोट्टे त्याले ओळखत नाई. इथीच, ऊर्जानगरले, माझ्या हाताखाली बॉयलरवर होता. सायकलचं भारी वेड. सुट्टी भेटली का एकटाच शंभर-सव्वाशे किलोमीटर मारून येणार. मी म्हणत जाऊ, "अबे, मंग बस काऊन ठेवली?" तो नुसता हसे. पण खोटं बोलणारा माणूस नव्हे, म्हणून सांगतो. मोनाली, तो मोबाईल ठेव खाली. लाईन येईपर्यंत ऐक. दुनियेले वीज आपण द्यायची अन् अंधारात आपणच बसायचं, काय जमाना हाय!

तर सन दोन हजार तेवीस. अठरा मार्च, शनिवार. अमावस्या तीन दिवसांवर. आरमोरीले त्याची बहीण करिष्मा. तिची दोन लेकरं पोटातच गेली होती. हे तिसरं जगलं. पोरगा. रविवारी बारा दिवसांचा होणार होता. सारं घर त्या एका लेकराच्या श्वासावर जगून राह्यलं होतं.

पहाटे पाचले निघाला. मूल गावापर्यंत हवा मस्त थंड. सावली गावाच्या आधी ऊन असं तापलं का बाटलीतलं पाणी गरम. सावली सोडली अन् आभाळ काळं. गारा! दोन घंटे एका चहाच्या टपरीत बसला. वैनगंगेच्या पुलावर समोरून असा वारा, का सायकल हातानं ढकलत नेली. गडचिरोलीले पोचला तर तीन वाजलेले अन् पुन्हा कडक ऊन. करिष्माचा फोन आला, "भाऊ, तिथीच मुक्काम कर, सकाळी ये." हा म्हणे, "आता राह्यलंच किती? अंधाराच्या आत येतो."

पोर्ला मागं पडलं. पुढं रस्त्याचं काम चालू. डांबर उखडलेलं, नुसता लाल मुरूम, अन् पावसानं त्याचा झालेला चिखल. मडगार्डात असा भरला का चाकच फिरेना. उतरला. बाजूले पाह्यलं तर सागाखाली वाळल्या फांद्यांचा हा मोठा ढीग, मंधात दगड. त्याले वाटलं, कोणाचं सरपण असन. एक काडी ओढली, चिखल खरवडला. पुढं अजून मुरूम लागला तर कामी पडन म्हणून काडी कॅरिअरच्या पट्ट्यात खोचली अन् निघाला.

जंगलातलं लहान लेकरूही ही चूक करत नाई. क्वार्टरमधी वाढलेलाच करते.

दोन किलोमीटर गेला अन् सायकल जड. उतरून हवा पाह्यली. बरोबर. ब्रेक पाह्यला. मोकळा. उतार होता, तरी पायडल मारावं लागे. वळणावर सायकल कलू लागली. डबलसीट बसवल्यावर कलते ना, तशी. त्यानं मागं पाह्यलं... बॅग. काडी. दुसरं काई नाई.

आदेश, तू काऊन मागं पाहून राह्यला? तुया मागं भिंत हाय.

सव्वासहा झाले. एक म्हातारा बैलं घेऊन जंगलातून निघाला. चैतू त्याचं नाव. त्यानं सायकल पाह्यली अन् हातातली काठी आडवी धरली.

"भाऊ जी, ही काडी कुठली?"

प्रफुल्लनं सांगितलं. म्हाताऱ्यानं कपाळाले हात लावला.

"वाघानं नेलेल्या बाईची जागा हाय ते. येणारा-जाणारा तिथी एक फांदी टाकते, नाई तर दगड. टाकते, भाऊ. उचलत नाई कोणी."

"मले माहीत नव्हतं जी."

"तिच्यातलं नेलं म्हणजे तिले चल म्हटलं." म्हातारा कॅरिअरकडं पाहात होता. "लेकीचं बाळ पाहाले निघाली होती बिचारी. पोचलीच नाई... तुमच्या घरी लहान लेकरू हाय का?"

"भाच्याच्याच बारशाले चाललो जी."

"मंग फिरवा सायकल. काडी परत द्या. लेकराजवळ नेऊ नका तिले."

आरमोरी बारा किलोमीटर पुढं. ढीग सात किलोमीटर मागं. अंधार पडून राह्यला होता. भेव वाटलं, लय वाटलं. पण डोळ्यापुढं करिष्माचं लेकरू. त्यानं सायकल फिरवली.

पुन्हा पाऊस. लाईटचा हातभर उजेड. सायकल तेवढीच जड. अन् मागून कोणीतरी शर्ट धरला होता... ओढत नव्हतं. नुसता धरला होता. मागं बसलेली बाई धरते तसा.

त्यानं मागं पाह्यलं नाई.

ढीग आला. सात वाजून दहा मिनिटं. काडी ठेवली. एक ओली फांदी तोडून वर टाकली. हात जोडले.

"माय, चुकलो. लेकराले सोड."

काई नाई...

पाऊस थांबला. सायकल उचलली. हलकी!

आरमोरीले पोचला नऊले पाच कमी. सायकल अंगणाबाहेरच ठेवली. पाय धुतले. तरी उंबरा ओलांडायची हिंमत होईना. करिष्मा दारात आली.

"आत ये ना, भाऊ. किती उशीर!"

"बाळ?"

"झोपलं. दिवसभर रडून राह्यलं होतं. सव्वासातले एकाएकी गप झालं. तवापासून हालचाल नाई बघ."

"कोणी... कोणी आलं होतं का घरी?"

"कोणी नाई. पाण्यामुळं दार लावूनच होतं."

प्रफुल्ल धावला. पाळण्यात वाकला. छातीवर हात ठेवला... श्वास चालू. लेकरू मस्त झोपलेलं. त्याले तिथीच रडू फुटलं.

"भाऊ, काऊन रडून राह्यला तू?"

त्याले दिसलं होतं. लेकराच्या गालावर.

"करिष्मा... टीट कोणं लावली?"

"कोणती टीट?" ती वाकली. "काजळ तर मी उद्या लावणार होती..."

काजळ नव्हतंच ते. प्रफुल्लनं बोट लावून पाह्यलं.

लाल मुरूम. ओला.