देवमनबुवाची खुर्ची

"देवमनबुवाची खुर्ची तुमी रिकामी काहून ठेवली, चाचा?"

हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. आणि माझी आतेबहीण जमुना पैजेला मागं हटणारी नव्हेच! खोटं वाटेल, पण यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. अकोल्यातला छापखाना, १९६२ चा मे महिना, टळटळीत दुपार.

देवमनबुवा तिथं प्रुफं तपासायचे. आधीच्या दिवाळीत वारले.

छापखान्याचे मालक बशीरचाचा हसले. "मग तूच बस ना, बेटी."

त्यांनी तिच्यापुढं ऑइल इंजिनाच्या माहितीपुस्तकाची सोळा पानं टाकली. इंजिन कसं सुरू करावं, तेल कधी बदलावं... आणि ओळीओळीला बारक्या चुका. संध्याकाळपर्यंत सगळ्या सुधारल्या तर काम पक्कं. जमुनाचा सगळा जीव त्यात होता. पगाराचं काम पक्कं झालं, त्यातून फी जमली, तरच मॅट्रिकनंतर अमरावतीच्या कॉलेजात पाठवीन, असं तिच्या बापानं आधीच कबूल केलं होतं.

सगळे जेवायला गेले. मशीन थांबलं.

तिनं चार पानं झपाझप सुधारली. कुठं काना राहिलेला, कुठं 'चा'चं 'ची' झालेलं.

तेवढ्यात...

थच्.

ओठांतून ओलं बोट सुटावं, तसा आवाज.

मागं कोणी नव्हतं.

पाचव्या पानाचा कोपरा ओला होता... पिवळा, चिकट. तंबाखूचा भपकारा आला. देवमनबुवा बोटाला थुंकी लावूनच पान उलटायचे, हे अख्ख्या छापखान्याला ठाऊक.

जमुनानं रद्दीच्या कागदानं कोपरा पुसला.

लाळेची तार लांबली.

थच्... सहावं पान.

थच्... सातवं.

पळावंसं वाटलं. पण अमरावती! दात आवळून ती वाचत राहिली. उजव्या हातानं चुका सुधारत, पानं डाव्या हातातल्या पेन्सिलीच्या टोकानं उलटू लागली.

सोळावं संपलं. आवाज थांबला.

आणि तिला दिसलं... डाव्या हातातली पेन्सिल केव्हाच खाली पडली होती.

बोट तिचंच होतं. अजून तोंडात होतं.

जिभेवर चुना-तंबाखू.

मोरीत जाऊन ती भडाभडा ओकली.

चाचांना एकही चूक सापडली नाही. खुर्ची तिची झाली.

हे काय होतं, मला अजून कळत नाही. वर्ष झालं, जमुना चमच्यानंच जेवते. मीही पान उलटताना आधी बोट बघते.

त्या संध्याकाळी आत्यानं वाढलेल्या भाकरीला तिनं हात लावला नाही. मी दारातच उभी होते.

"बा, माय, मी अमरावतीले नाई जात," ती म्हणाली. "म्हणसान तिथं लगन लावून द्या. त्या खुर्चीवर मी पुन्हा बसत नाई."