कॅसेटला हुंकार

बसा नीट, अन् मधे कुणी बोलू नका. ही ऐकीव न्हाई. जुन्नरच्या इब्राहिमची हाय, पिकअप चालवायचा तो. दोन हजार तीन साल. तेवीस डिसेंबर, मंगळवार, अमावस्या. पिंपळवंडीची कोथिंबीर भरून गडी रात्री साडेदहाला कल्याणला निघाला. एकटाच.

एकट्याला घाटात झोप येती. म्हणून त्याची बायको आबेदा कादंबरी मोठ्यानं वाचून कॅसेटमधे भरून द्यायची. इब्राहिमला वाचता येत न्हवतं, पण गोष्टीचं लई वेड. कॅसेट एकच. दर खेपेला जुनं पुसायचं, पुढचं प्रकरण भरायचं. बाई मोठी हुशार. दोन-चार वाक्यं झाली की थांबायची. निघताना बजावायची, "मी थांबले की हुंकार द्यायचा, रुक्सानाचे अब्बा. हुंकार देणारा माणूस झोपत न्हाई." रुक्साना त्यांची चार वर्षांची पोर. अन् हा बाबा खरंच कॅसेटला 'हं, हं' करत गाडी हाकायचा. स्टँडवर लई चेष्टा व्हायची त्याची.

ओतूरला त्यानं कॅसेटची बाजू बदलली. मढ मागं पडलं. माळशेज घाट लागला. समोरून एक गाडी न्हाई. आबेदा वाचता वाचता थांबली. इब्राहिमला जांभई आली.

"हं."

त्याला वाटलं, आपणच दिला. आबेदा पुढं वाचायला लागली. पुन्हा थांबली. या खेपेला त्यानं ओठ घट्ट मिटले.

"हं..."

मानेमागून. मागं हौद्यात कोथिंबीर, वर ताडपत्री. दुसरं कोणी न्हाई. त्यानं टेप बंद केला. नुसतं इंजिन घुमत व्हतं.

"मग?"

झक मारत टेप लावला. दोन वळणं गेली. कॅसेट संपली.

"मग?"

त्यानं कॅसेट उलटी करून घातली. आबेदाचा आवाज आला, अन् लगेच मानेमागून...

"हे झालं की ऐकून."

भ्यालेला माणूस तोंडाला येईल ते बोलतो, पोरांनो. गोष्ट न्हाई सांगितली तर हे पुढं येऊन बसंल, एवढंच त्याच्या डोक्यात. अन् स्वतःच्या घराशिवाय त्याला दुसरी गोष्ट कुठं येत व्हती?

"एक ड्रायव्हर व्हता..."

"हं."

"जुन्नरात राहायचा. मशिदीमागच्या बोळात. माडीवर."

"हं."

"त्याला एक लेक. रुक्साना. खिडकीपाशी झोपते..."

हुंकार आला न्हाई.

तो थांबला. वाट बघितली. पुन्हा बोलला. न्हाई. सुटलो बाबा, म्हणून त्यानं लांब श्वास सोडला. एक वळण गेलं. दुसरं गेलं. अन् मग त्यानं करकचून ब्रेक दाबला.

इथून गेलं... ते कुठं गेलं?

पत्ता तर आपणच दिला.

घाटातच गाडी वळवली. कोथिंबीर सडली तर सडू दे. ओतूर कधी गेलं, त्याला ठाऊक न्हाई. सगळ्या रस्त्यानं नुसतं पोरीचं नाव घेत व्हता. जुन्नरला पोचला तेव्हा दीड वाजला व्हता. आबेदानं दार उघडलं. तिला बाजूला सारून तो खिडकीकडं धावला.

रुक्साना झोपली व्हती. गाढ. अंगावर गोधडी, कपाळ थंडगार, श्वास चालू. खिडकीला आतून कडी. इब्राहिम तिथंच खाली बसला अन् पोरीचा पाय धरून रडला. आबेदा विचारत राहिली.

उजाडल्यावर त्यानं खिडकी उघडली.

खाली सरळ भिंत, दोन पुरुष उंच. ना शिडी, ना झाड. बाहेरच्या कठड्यावर चिखलाचे दोन ठसे व्हते, ओले. शेजारी शेजारी. कुणी कोपरं टेकून, हनुवटी हातात धरून, लई वेळ आत बघत बसल्यासारखे.